सकारी दिवे बंद करजा

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत असं वाटत होतं की मी कॉलेजात तलावाच्या सफाईचं काम करते. त्याला कारणही होतं. मी घरी यायची तेव्हा पिशवीत हिरव्या पाण्याच्या एकदोन बाटल्या हमखास असायच्या, साडीच्या काठाला चिखल असायचा, आणि रविवारी सकाळी सारं गाव मटणाच्या दुकानाकडे निघालेलं असताना मी तलावाकडे निघालेली असायची. "येवढी शिकली न शेवाळ काढून राह्यली," असं त्या शेजारणीला सांगायच्या. मी कधी दुरुस्ती केली नाही. खरं काय ते सांगत बसले असते तर त्यांनी शेवाळच बरं म्हटलं असतं.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. शिकवण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मुलं येतात, झोपतात, उठतात, पास होतात. पण कॉलेजच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत आमची एक छोटी प्रयोगशाळा होती, तिच्याबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. तिथे मी आणि माझे विद्यार्थी जे करत होतो ते ऐकून भल्याभल्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलेलं आहे.

घाबरू नका, परीक्षा नाही. सोपं करून सांगते.

तलावाच्या कडेला, धानाच्या बांधीत, न्हाणीच्या दगडावर जो निळसर हिरवा बुळबुळीत थर असतो, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. त्यातलं बरंचसं शेवाळ नसतंच, जीवाणू असतात. आजार पसरवणारे जीवाणू तेवढे आपल्याला ठाऊक. हे त्यांचेच भाऊबंद, पण कष्टाळू. उन्हात बसायचं आणि झाडाच्या पानासारखी साखर तयार करायची, हा यांचा धंदा. दिवसभर केलेल्या साखरेतली थोडी खर्च करतात, थोडी पोटात साठवतात. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. रात्री ऊन नसतं, कमाई बंद असते, तेव्हा साठ्यातलं थोडं थोडं काढून खातात. ना डोकं, ना डोळे, ना घरात कोणी वडीलधारं माणूस, तरी केव्हा साठवायचं आणि केव्हा मोडायचं हे त्यांना बरोबर कळतं. ते कसं कळतं, एवढाच आमचा प्रश्न होता.

आता पेशीच्या आतलं सांगते. डीएनए म्हणजे पाककृतींचं मोठं पुस्तक समजा. ते पुस्तक कोणी चुलीजवळ नेत नाही. त्यातली हवी ती कृती एका चिठ्ठीवर उतरवायची आणि आचाऱ्याकडे पाठवायची. ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. आचारी ती वाचतो आणि पदार्थ करतो, तो पदार्थ म्हणजे प्रथिन. इथपर्यंत बारावीच्या पुस्तकातही आहे. पण पेशीत काही चिठ्ठ्या अशाही सापडतात की ज्यांच्यावर कृतीच लिहिलेली नसते. छोट्याशा असतात. त्यांच्यापासून कोणताही पदार्थ होत नाही. मग त्या असतात कशाला?

आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात एक मावशी असते. ती भात टाकत नाही, वरण ढवळत नाही, पत्रावळीसुद्धा उचलत नाही. ती फक्त रांधणीच्या तोंडाशी उभी राहते आणि ओरडते, "अरे थांबा, भात टाकू नका अजून, वरात पानठेल्यावरच हाय!" मावशी नसेल तर भात वरातीच्या आधी होतो आणि वरात येईपर्यंत त्याचा गोळा होतो. या बिनकृतीच्या चिठ्ठ्या म्हणजे पेशीतल्या मावश्या. आचाऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर जाऊन चिकटतात, त्याला ती वाचताच येत नाही, आणि तेवढ्यापुरतं ते काम थांबतं. जगभर लोकांनी अशा कितीतरी मावश्या शोधून काढल्या आहेत. आमच्या वाट्याला एक आली होती.

एकदा आमच्या विहारातल्या महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलं. म्हणाल्या, बाई, तुमच्या कामाबद्दल सांगा. मी हौसेने हेच सगळं सांगितलं, मावशीसकट. भाषण संपल्यावर पुढच्या सतरंजीवर बसलेल्या शेवंताबाई उठल्या.

"म्हंजे थे सोता काहीच बनवत नाई?"

"नाही."

"न तिच्याबिगर घरातलं काही धड होत नाई?"

"हो, तसंच."

"मंग सासू म्हना ना बाई, मावशी काऊन म्हनता?"

सगळं विहार हसलं. मीही हसले. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण विषय इतका चटकन समजलेली विद्यार्थिनी मला मिळालेली नाही.

दुसरं गिऱ्हाईक आलं ते गडचांदूरकडून. तिकडच्या एका सिमेंट कारखान्यातले मोठे साहेब. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की हे जीवाणू धुरातला कार्बन खातात आणि त्याची साखर करतात. ते थेट मुद्द्यावर आले. म्हणाले, "मॅडम, धूर आमचा, जीवाणू तुमचे. साखर अर्धी अर्धी." मी त्यांना आमचा फ्लास्क दाखवला आणि म्हटलं, साहेब, याच्यातून निघेल त्यात तुमचा एक कपसुद्धा गोड होणार नाही. साहेब हुशार होते. त्यांनी मावशीची गोष्ट ऐकून घेतली, विचार केला आणि विचारलं, "मग जी थांबवते तिलाच काढून टाका ना. काम थांबणारच नाही. आम्ही प्लांटमध्ये हेच करतो."

मी हसून चहा मागवला, पण प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. एखाद्याचं घरात काय काम आहे हे कळायचं असेल तर त्याला चार दिवस बाहेरगावी पाठवून पाहावं. आम्ही शास्त्रातही असंच करतो. मावशी काढून टाकायची आणि काय बिघडतं ते पाहायचं. हेच काम पुढे प्रणालीने घेतलं.

प्रणाली माझ्याकडे आली ती तिच्या वडिलांच्या पाठोपाठ. नारायणभाऊंचं गाव कुरखेड्याजवळचं, पिढीजात काम गावतलावातल्या मासेमारीचं. एक दिवस ते हिरव्यागार पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. "मॅडम, मासोया सकाळी वर येऊन तोंडं वासून राह्यल्या. औषध द्या जी." मी त्यांना सांगितलं की औषध नाही, पण कारण आहे. ही हिरवी मंडळी दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच तो ओढून घेतात. पाण्यात त्यांची गर्दी झाली की पहाटेपर्यंत माशांना श्वास उरत नाही. शेणखताचं पाणी तलावात येऊ देऊ नका, ताजं पाणी येऊ द्या. नारायणभाऊंनी मान डोलावली, पण त्यांच्यासोबत आलेली मुलगी मान डोलवत नव्हती. ती विचारत होती, "रात्री काऊन ओढते? मंग खाते काय रात्री?" तेव्हा ती बी.एस्सी.ला होती. एम.एस्सी.ला ती आमच्याकडे आली, आणि पीएच.डी.साठी तिने जीवाणू निवडला तो वडिलांच्या तलावातलाच.

मावशी काढून टाकण्याचं काम बारीक असतं, त्याची साधनं आमच्या जिन्याखाली नव्हती. त्यासाठी ती काही महिने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत राहून आली. जाताना ‘मले’ म्हणत गेली, येताना ‘मला’ म्हणत आली. तिकडे तिच्या बोलण्यावर कोणी हसलं असावं, तिने सांगितलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं. पुढे मौखिक परीक्षेला मोठे परीक्षक येणार, तेव्हा मुलीने नीट बोललेलं बरं, असा माझा विचार. ती आता प्रयोगशाळेत पुस्तकासारखं बोलायची. फक्त घरचा फोन आला की जिन्याखालून तिची खरी बोली ऐकू यायची, आणि आमचे महादेवभाऊ म्हणायचे, "आली पोरगी घरी."

महादेवभाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, माझ्यासारखेच वरोऱ्याचे. काचसामान धुणे, पाणी उकळणे, कुलूप लावणे आणि सरकारवर टीका करणे ही त्यांची कामं.

तर प्रणालीकडे आता दोन प्रकारचे फ्लास्क होते. एकात तलावातला मूळ जीवाणू, मावशीसकट. दुसऱ्यात तोच जीवाणू, मावशी काढलेला. दोन्ही एका लाकडी रॅकवर ट्यूबलाइटसमोर ठेवायचे आणि फरक मोजायचा. ट्यूबलाइट दिवसरात्र चालू. जगात बहुतेक ठिकाणी असंच करतात, कारण सतत उजेड मिळाला की जीवाणू लवकर वाढतात आणि पीएच.डी.ही लवकर होते.

फरक काही दिसेना. वाढ मोजली, सारखी. रंग मोजला, सारखा. साखर मोजली, उन्नीसबीस. मावशी असली काय आणि नसली काय, घर मजेत चाललेलं. प्रणालीने वेगवेगळं खत देऊन पाहिलं, मीठ घालून पाहिलं, चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करूनसुद्धा पाहिलं. त्यात जीवाणूंपेक्षा आमचे हाल जास्त झाले. पण दोन्ही फ्लास्क जुळ्या भावांसारखे हिरवेगार.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? फरक नाही, तर तसं लिहून मोकळं व्हावं. पण ‘काही झालं नाही’ असा प्रबंध कोणी स्वीकारत नाही. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. घरी धाकटी भावंडं शिकत होती. त्यात ते सिमेंटवाले साहेब पुन्हा आले. त्यांना मुलगी आवडली होती. म्हणाले, आमच्या लॅबमध्ये केमिस्टची जागा आहे, लगेच रुजू व्हा. चांगली नोकरी होती. मी तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तिने ठरवलं की ही एक शेवटची खेप करायची. आरएनए काढायची रसायनं एकाच खेपेपुरती उरली होती. याच्यातही काही निघालं नाही तर जीवाणू तलावाला परत आणि आपण गडचांदूरला.

शेवटची खेप रॅकवर चढली आणि तिला गावाकडून बोलावणं आलं. उन्हाळ्यात तलाव उतरला की वर्षाची मोठी मासेमारी होते, त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस पाण्यात लागतं. फ्लास्क वाढायला अजून एक दिवस हवाच होता. दुसऱ्या दिवशी येऊन नमुने घ्यायचे, असं ठरवून ती गेली.

ज्या दिवशी मासे धरायचे होते त्या सकाळी आम्ही नुकती प्रयोगशाळा उघडली होती. महादेवभाऊंचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा लावला. पलीकडे नुसता गोंगाट. कोणी जाळं ओढा म्हणत होतं, कोणी टोपली आणा म्हणत होतं, आणि त्यातून प्रणालीचा आवाज आला.

"भाऊ, आयकून राह्यले का? रॅकचे दिवे सकारी बंद करून ठेवजा जी. वायरमन येनार हाय. मी येतो न सॅम्पल घेतो."

"हो बेटा, करतो. मासोया आन आमच्यासाठी."

महादेवभाऊंनी फोन ठेवला, तीन पावलं चालले आणि दिवे बंद केले. वायरमन आला की भिंत फोडणार, धूळ उडणार, म्हणून वरून काळं जाड कापडही टाकलं. हे सगळं माझ्यासमोर झालं. मी हजेरीपट भरत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली एसटीतून उतरून थेट आली. हातात माशांची पिशवी, केसांना तलावाचा वास. रॅकवरचं कापड पाहून ती थांबली.

"वायरमन आला होता का?"

"नाई आला. सोमवारी येतो म्हने," महादेवभाऊ म्हणाले.

"मग दिवे कधी बंद केले?"

"तू सांगतलं तवाच. काल सकाई."

"काल?" तिचं सगळं पुणं एका क्षणात गळून पडलं. "भाऊ, म्या सकारी म्हटलं होतं!"

"सकाईच त केले ना बाप्पा! तुहा फोन आला न लगेच केले. इचार मॅडमले."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी प्रणालीकडे पाहिलं आणि विचारलं, "सकारी म्हणजे?"

"सकारी म्हणजे उद्या जी!" ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तर असं होतं. कुरखेड्याकडे, झाडी मुलखात, सकारी म्हणजे उद्या. आमच्या वरोऱ्याकडे सकाळ ती सकाळच, मग तिला कोणी सकाई म्हणो की सकारी. माझ्या लहानपणी ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा कागदपत्रांची झाली, शब्दांची करायची राहून गेली. तिने गोंगाटात, पाण्यात उभं राहून, घरच्या बोलीत ‘उद्या’ म्हटलं आणि आम्ही दोघा वरोरेकरांनी शहाणपणाने ‘सकाळी’ ऐकलं. सतत उजेडात वाढवायची शेवटची खेप दिवसभर आणि रात्रभर काळ्या कापडाखाली बसली होती.

महादेवभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. प्रणाली त्यांच्यावर चिडली नाही. तिने नुसती माशांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या भाऊ, तुमच्यासाठीच आणल्या." इतक्या वर्षांचं काम एका शब्दावरून पाण्यात जावं, याला काय म्हणावं?

ती फ्लास्क ओतून द्यायला निघाली होती. पण असे जनुक बदललेले जीवाणू नालीत ओतता येत नाहीत, तसा नियम आहे आणि तो चांगला आहे. आधी ते ऑटोक्लेव्हमध्ये उकळून मारावे लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, आणि कोणत्याही कुकरप्रमाणे त्याचं रबर ऐन वेळी गेलेलं होतं. नवीन रबर सोमवारी मिळणार होतं. तेव्हा प्रणालीने फ्लास्क होते तिथेच ठेवले, सवयीने दिवे लावले आणि म्हणाली, "मॅडम, सोमवारी हे नष्ट करते आणि साहेबांना होकार कळवते." पुन्हा पुस्तकी मराठीत. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. रविवारी महादेवभाऊंनी त्या माशांचं कालवण माझ्याकडे पाठवलं. चव उत्तम होती, पण जेवण गेलं नाही.

सोमवारी मी वर्गावर होते. खिडकीतून महादेवभाऊ हात हलवत होते. त्यांना मी आजवर कधी पळताना पाहिलं नव्हतं. मुलांना बसायला सांगून खाली गेले, तर प्रणाली एका हातात नवीन रबर घेऊन रॅकसमोर उभी होती.

मावशीसकट असलेले फ्लास्क नेहमीसारखे हिरवेगार. आणि मावशी काढलेले सगळेच्या सगळे फ्लास्क फिक्कट पिवळे, पातळ वरणासारखे.

माझी पहिली शंका, यात दुसरा कुठला जंतू पडला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, नाही. दुसरी शंका, फ्लास्कची अदलाबदल. तीही नाही. तिसरी शंका काढायला मी तोंड उघडलं, तोवर प्रणाली बोलायला लागली. माझ्याकडे न पाहता, फ्लास्ककडे पाहत, आपल्या बोलीत.

"मॅडम, यायनं अंधारात सारं खाऊन टाकलं. उजेड आला तवा उठाले ताकदच नाई राह्यली. माझी माय रात्री भाताच्या गंजात हात घालू देत नाई. म्हनते, सकारीसाठी राहू दे. यायच्या घरी सांगनारंच कोनी नाई न जी. मावशी आपन काढून टाकली."

मी तिथेच स्टुलावर बसले. इतकं सोपं होतं. दिवसरात्र दिवे जळत असताना कमाई अखंड चालू, मग हात आवर म्हणायला मावशी हवी कशाला? घरात पैसा येतच असेल तर शहाणा माणूस आणि उधळ्या माणूस सारखेच दिसतात. फरक दिसतो तो कमाई थांबल्यावर. आणि आम्ही त्या बिचाऱ्यांना एकदाही रात्र दाखवली नव्हती.

अर्थात, एका घोटाळ्यावरून शास्त्र होत नाही. पुढे आम्ही तेच मुद्दाम केलं, पुन्हा पुन्हा केलं. नागपूरच्या मैत्रिणीकडून रसायनं मागून आणली. अंधारात ठेवलेल्या पेशींवर आयोडीन टाकायचं. साठा शिल्लक असेल तर लालसर तपकिरी रंग येतो. मावशीवाल्यांना येत होता, बिनमावशीवाल्यांना नुसता आयोडीनचाच पिवळट रंग राहत होता. दिवा गेला की पेशीत ही छोटी चिठ्ठी भराभर वाढते, साठा फोडणाऱ्या प्रथिनाच्या चिठ्ठीवर जाऊन चिकटते, आणि साखर पुरवून पुरवून निघते, हेही प्रणालीने दाखवलं. साहेबांना नोकरीचा नकार कळवला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे मॅडम, थांबवणाऱ्याला काढायचं नाही म्हणता?" मी म्हटलं, तुमच्या प्लांटचं मला ठाऊक नाही, आमच्याकडे तरी काढू नये.

प्रबंधात तिने लिहिलं, ‘पेशी अंधारात ठेवण्यात आल्या.’ कोणी ठेवल्या, का ठेवल्या, काही नाही. शास्त्राच्या भाषेत कर्ता लपवायची ही फार चांगली सोय आहे. मी तिला बजावून ठेवलं होतं की परीक्षकांनी विचारलंच, तर सांग, निसर्गात रात्र असते म्हणून आम्ही अंधार दिला. खोटं नाही, पुरतं खरंही नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले होते आणि कडक होते. मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घातलेले नारायणभाऊ आणि त्यांच्या शेजारी महादेवभाऊ बसलेले. इंग्रजीतून चाललं होतं, ठीक चाललं होतं. मग परीक्षकांनी चष्मा काढला आणि ते मराठीवर आले. "चार प्रकरणं तुम्ही सगळं सतत उजेडात केलंत. पाचव्यात अचानक अंधार. हा विचार आला कुठून? हे दुसऱ्या कोणी सुचवलं का?"

प्रश्न साधा नव्हता. काम हिचं स्वतःचं आहे की नाही, हे ते विचारत होते. त्याच्यावर पदवी अडकली होती. प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगत होते, निसर्ग, निसर्ग. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"सर, विचार नव्हता आला. चूक झाली होती. आमच्याकडे एक शब्द हाय जी, सकारी."

आणि तिने सगळं सांगितलं. तलाव, जाळं, फोन, काळं कापड, ऑटोक्लेव्हचं रबर, मायचा भात. महादेवभाऊ खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, गेलं. परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागे उलटली. मग म्हणाले, "बरं, ही तुमची चिठ्ठी कोणत्याच प्रथिनाची कृती देत नाही. मग ती पेशीला सांगते तरी काय?"

"येवढंच सर. सकारीसाठी ठेव."

"म्हणजे सकाळसाठी की उद्यासाठी?"

प्रणाली हसली. "जीवाणूले दोन्ही एकच सर. रात्र निघाली का सकाळ, न थेच त्याचं उद्या."

परीक्षकांनी चष्मा लावला आणि सही केली. बाहेर येताना त्यांनी महादेवभाऊंशी हात मिळवला. महादेवभाऊंना त्याचं कारण कोणी सांगितलं नाही, पण त्यांनी तो हात सोडायला बराच वेळ लावला. नारायणभाऊ मला म्हणाले, "झाली ना जी डॉक्टर? आता पोरगी मासोयाइले औषध देईन ना?" मी म्हटलं, औषध नाही, पण कारण सांगेल. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका माझ्या स्वतःच्या पदवीच्या वेळीही झाला नव्हता.

त्या छोट्या चिठ्ठीला कागदोपत्री एक अक्षरं-आकड्यांचं नाव आहे, कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रयोगशाळेत मात्र मावशी हे नाव मागे पडलं. तिला सगळे सकारीच म्हणतात. प्रणालीने ‘नीट’ बोलावं असं त्यानंतर मलाही कधी वाटलं नाही. फोनवर त्या दिवशी ती नीट बोलली असती तर आज कुठे असती, हा विचार मनात येतोच. ती आता आमच्याच कॉलेजात शिकवते, अजून तासिका तत्त्वावर. कायम कधी होईल ते देव जाणे आणि शासन जाणे, याची खंत मला आहे.

माझ्या निवृत्तीला शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. मी वरून हसत होते आणि आतून घाबरलेली होते. इतकी वर्षं सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं, आता उठून करायचं काय? जिन्याखालच्या खोलीची किल्ली मी प्रणालीच्या हातात दिली. आता आमच्या रॅकला रात्र असते. संध्याकाळी दिवे बंद होतात, कापड पडतं, सकाळी पुन्हा लागतात. तिने माझ्यासमोरच दिवे बंद केले, कापड टाकलं, कुलूप लावलं आणि म्हणाली, "मॅडम, सकारी येजा जी."

मी विचारलं, "सकाळी की उद्या?"

"दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. प्रणाली आधीच आली होती, टेबल पुसून झालं होतं, चहाचं पाणी ठेवलेलं होतं. रॅकवरचं काळं कापड मात्र तसंच होतं. दिवे लावायचं तिने माझ्यासाठी ठेवलं होतं.